इमामभाईंच्या मागे राहिलेली गाडी

आमच्या घरात सकाळ दोनदा व्हायची. पहिली मिलच्या भोंग्यानं. तो वाजला की अव्वा, माझी आई, उठायची, चूल पेटवायची, आणि थोड्या वेळानं भाकरी थापण्याचा आवाज माजघरापर्यंत यायचा. दुसरी सकाळ आमचे ड्रायव्हर इमामभाई घेऊन यायचे. ते सात रस्त्याच्या बाजूनं चालत येत, फाटकाची कडी काढत, पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन गाडीचं हूड पुसत आणि मग समोर वाकून हँडल मारत. पहिल्या एकदोन फेऱ्यांना इंजिन नुसतं खोकायचं, मग एकदम धरायचं. फळीवरची पितळी भांडी एकमेकींना लागून किणकिणू लागायची आणि अप्पा आतून हाक मारायचे, "शांता, माझी बॅग."

माझे वडील, अप्पा, डॉक्टर होते. सोलापुरात त्यांचा दवाखाना होता, पण त्यांचा जीव रमायचा तो खेड्यांत. कुंभारीकडं, अक्कलकोटच्या रस्त्यावरच्या वाड्यावस्त्यांवर, कधी थेट सांगोल्यापर्यंत ते जात. त्यासाठीच त्यांनी ती जुनी, कापडी छताची मोटार घेतली होती. आमच्या भागात तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. घरात आम्ही कानडी बोलायचो, दारात आलं की मराठी. मागच्या गल्लीत विणकरांची घरं होती, तिथून दिवसभर मागाचा खटखटाट आणि तेलुगूतली भांडणं ऐकू येत. आणि या सगळ्यांत इमामभाईंची दखनी. मला ते "शांताबेटी" म्हणत. अप्पांना "साहेब". अव्वाशी ते थेट बोलत नसत, तिच्याकडं न बघता मला सांगत, "बेटी, अम्माँना सांग, आज साहेबांना यायला उशीर व्हतोय." अव्वा दाराआडूनच "बरं" म्हणायची.

त्यांची कपबशी ओसरीच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याचा गोळा अव्वा त्यांना पितळीत द्यायची, तीही वेगळी. खाऊन झालं की ते ती पितळी स्वतः नळावर घासून पुन्हा कोनाड्यात पालथी घालत. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली की पहिली वाटी देवाला आणि दुसरी त्यांना जायची, पण त्याच पितळीत. आज माझ्या नातवंडांना हे सांगितलं की ती माझ्याकडं विचित्र नजरेनं बघतात. त्यांचं बरोबरच आहे. मी एवढंच सांगू शकते की त्या वेळी आमच्या घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि इमामभाईंना काय वाटत होतं ते आम्ही कधी विचारलं नाही.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता खेड्यांत तापाची साथ आली. एकेका घरात तीनतीन माणसं अंथरुणाला खिळलेली. अप्पा पहाटे निघत ते दिवेलागणीनंतर परतत. फाटकाबाहेर बैलगाड्या उभ्या असत. कुणी रुग्ण घेऊन आलेला, कुणी डॉक्टरांना न्यायला आलेला. त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. अप्पा ओसरीवर पाय धूत होते, मी तांब्या धरून उभी होते. इमामभाई पायरीखाली आले.

"साहेब, मागचे ब्रेक संपत आलेत. पाय पार खाली जातोय."

"परवाही तू हेच म्हणालास," अप्पा म्हणाले.

"व्हय. तवापास्नं गाडी लई पळली की. लायनिंग आलंय मुंबैवरनं, पेटीत पडलंय. दोन दिवस गाडी उभी करा. मी हितंच बसवतो."

अप्पांनी पाय पुसले. ते फार दमलेले होते. "इमाम, दोन दिवस मी कुठून आणू? आज एका वस्तीवर गेलो तर चार घरांत माणसं पडलेली. उद्या त्यांच्याकडं नाही गेलो तर त्यातलं कोण जाईल ते मला आत्ताच सांगता येतं."

इमामभाईंनी शेडकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "ठीकै साहेब. मी सांबाळून नेतो."

असं ते संभाषण एकदाच झालं नाही. साथ चढत गेली तसं ते पुन्हापुन्हा झालं आणि प्रत्येक वेळी ते तिथंच येऊन थांबलं. दोघांपैकी कुणी चिडलं नाही. माझ्या लहानपणी मी त्या दोघांना एकमेकांवर आवाज चढवताना कधी पाहिलंच नाही.

कुंभारीकडं जाताना एक ओढा लागायचा. दोन्ही बाजूंनी उतार आणि मध्ये दगडी फरशी, तिच्यावरून वितभर पाणी वाहत असायचं. साथ चालू असतानाच एके दिवशी गाडी त्या उताराला लागली तेव्हा फरशीवर एक बैलगाडी होती. गाडीत बायका आणि लेकरं होती. इमामभाईंनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. त्या गाडीला ब्रेक फक्त मागच्याच चाकांना होते; हातब्रेकही तिथंच लागायचा, तोही धरेना. इमामभाईंनी चाक बाजूला फिरवलं आणि गाडी रस्त्याकडेच्या बाभळीवर घातली. अप्पा बाहेर फेकले गेले, त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. इमामभाईंच्या छातीत स्टेअरिंग घुसलं. त्याच बैलगाडीत घालून त्या लोकांनी दोघांना सोलापुरात आणलं. वाटेत अप्पा एका हातानं इमामभाईंची नाडी धरून बसले होते. गावाची वेस दिसायच्या आधीच ती थांबली.

लोक म्हणाले, बैल बुजून आडवे आले. कुणी तरी तसं म्हटलं आणि तेच सगळीकडं झालं. पोलिसांपुढंही तेच आलं. अप्पा तापात होते, बोलत नव्हते. नंतर बोलू लागले तेव्हा त्यांनी ते खोडलं नाही. अव्वानं किंवा मीही काही म्हटलं नाही. पण आमच्या तिघांच्या घरात ती एक गोष्ट चौथ्या माणसासारखी राहू लागली.

इमामभाईंच्या घरी त्यांची बायको एकटीच मागे राहिली. तिला मी चाची म्हणत असे. मुलगी लग्न होऊन अक्कलकोटला गेलेली. चाची बिड्या वळायची. तिच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा आणि ती कमी बोलायची. इमामभाईंना माती दिल्यावर ती इद्दतीत बसली. त्यांच्यात नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. अप्पा हात गळ्यात बांधून तिच्या घरी गेले तेव्हा बाहेर दिराजवळ बसून परत आले. इमामभाईंचा पगार ते तसाच पोचवत राहिले. पण ज्याच्याशी बोलायला हवं होतं ते माणूस पडद्याच्या आत होतं, आणि मला वाटतं, त्या पडद्याचा अप्पांना थोडा आधारही वाटला असावा.

गाडी आणून शेडमध्ये लावली. पुढचा भाग चेपला होता. तो रेल्वेच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका ओळखीच्या लोहारानं येऊन सरळ केला, रेडिएटर सांधला, नवा दिवा लावला. तो म्हणाला, मागचं पण बघतो. अप्पा म्हणाले, "नको. ते राहू दे." आणि त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली.

त्यानंतरचे महिने घरात विचित्र शांतता होती. सकाळी भोंगा वाजायचा, भाकरी थापली जायची, पण भांडी किणकिणायची नाहीत. अप्पा टांग्यानं दवाखान्यात जायचे आणि टांग्यानं परत यायचे. मोडलेलं हाड वाकडं जुळलं, डावा हात खांद्याच्या वर जाईना. खेड्यांतली माणसं मात्र येतच राहिली. कुंभारीचा एक म्हातारा शेतकरी आजारी सुनेला बैलगाडीत घालून आला होता. तिला पोचायला उशीर झाला होता. अप्पांनी जे करायचं ते केलं, पण ती राहिली नाही. जाताना म्हातारा ताडपत्रीकडं बघून म्हणाला, "डाक्टर, गाडी काय आता निगनार न्हाय व्हय?" तो दोष देत नव्हता, नुसतं विचारत होता. अप्पा त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेले.

त्या दिवशी जेवताना अव्वा म्हणाली, "विकून टाका ती. डोळ्यांसमोर नको."

"ब्रेक नसलेली गाडी कुणाला विकू?" अप्पा म्हणाले.

"मग दुरुस्त करायला पाठवा."

अप्पांनी पानातला भात उगीच कालवला. मग म्हणाले, "ते मी करणार. घरी. दुसऱ्या कुणाला मी ते उघडू देणार नाही."

अव्वा ताक आणायला उठली. पण मला वाटतं तिला कळलं, आणि मलाही कळलं. मागची चाकं उघडेपर्यंत ब्रेक खरंच संपले होते की नाही हे नक्की सांगता येत नव्हतं. इमामभाईंचा पाय चुकला असेल, काहीही झालेलं असू शकत होतं. जोवर ते उघडलं नव्हतं तोवर अप्पांना लपायला तेवढी एक जागा होती. ती जागा आता त्यांना नको झाली होती.

पण हत्यारं आमच्याकडं नव्हती. पान्हे, ड्रम ओढून काढायचा पुलर, नवं लायनिंग, सगळं इमामभाईंच्या पेटीत, आणि पेटी त्यांच्या घरी. इद्दत संपल्याचं कळलं तेव्हा अप्पांनी मला पाठवलं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, परकर सोडून नुकती साडी नेसू लागले होते. चाचीच्या दारात बकरी बांधलेली होती. चाची सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. तिनं मला बसायला गोणपाट दिलं. मी चाचरत सांगितलं की अप्पा गाडीचे ब्रेक बदलणार आहेत, पेटी हवी आहे.

तिनं हातातली बिडी पुरी केली, दोरा गुंडाळला, तोडला. मग विचारलं, "साहेब स्वतः करनार?"

"हो. आणि मी."

"पेटी हाय. देती मी. पन मी बी येनार."

"कशाला, चाची?"

"बघायला," ती म्हणाली.

रविवारी सकाळी ती बुरखा घालून आली. बरोबर एक हातगाडीवाला होता, त्याच्या गाडीवर पेटी. अप्पा शेडमध्ये उभे होते. त्या प्रसंगानंतर ती दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होती. अप्पांनी हात जोडले. तिनं मान हलवली आणि शेडच्या कडेला, दगडी डोणीच्या काठावर जाऊन बसली. बुरख्याचं तोंडावरचं कापड तिनं मागं टाकलं. अप्पांना ते अनपेक्षित होतं, ते क्षणभर दुसरीकडं बघायला लागले. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि मला म्हणाले, "पुढच्या चाकांना दगड लाव."

अव्वा ओसरीवरून कानडीत म्हणाली, "मुलीच्या जातीला हे काम लावता? शेजारी बघताहेत."

"माझा हात वर जात नाही," अप्पा मराठीत म्हणाले. "दुसरं कोण आहे?"

इमामभाईंना मी पुष्कळदा गाडीखाली काम करताना पाहिलं होतं, पान्हे हातात दिले होते. अप्पांनीही पाहिलं होतं. शिवाय गाडीबरोबर आलेलं पुस्तक होतं. गाडी जमिनीवर असतानाच मी चाकाचे नट सैल केले, मग मागच्या धुऱ्याखाली जॅक लावून एक बाजू उचलली आणि खाली लाकडी ओंडके सरकवले. चाक निघालं. त्याच्या आत परातीएवढा लोखंडी ड्रम होता. तो धुऱ्याला असा घट्ट बसला होता की हलेना. पुलरचे तीन पाय त्याच्या कडेला अडकवून मी मधला बोल्ट आवळत गेले. हाताला रग लागली तरी काही होईना. अप्पांनी उजव्या हातानं माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला. एकदम बंदुकीसारखा आवाज झाला आणि ड्रम सुटला. डोणीच्या काठावर चाची दचकून उभी राहिली, मग पुन्हा बसली.

ड्रमच्या आत ब्रेकच्या दोन चंद्रकोरी असतात. पाय दाबला की त्या फाकतात आणि ड्रमला आतून घासतात, त्या घासण्यानं चाक थांबतं. घासायला त्यांच्यावर जाड विणलेल्या कापडासारखी पट्टी बसवलेली असते, तिला लायनिंग म्हणतात. आमच्या गाडीच्या चंद्रकोरींवर ती जवळजवळ नव्हतीच. काही ठिकाणी काळा पापुद्रा राहिला होता. बाकी सगळीकडं पट्टी पकडणाऱ्या तांब्याच्या रिव्हेटांची डोकी उघडी पडलेली, घासून घासून आरशासारखी झालेली. ड्रमच्या आतल्या अंगावर त्या रिव्हेटांनी गोल चरे पाडले होते. धातूवर धातू घासला जात होता. तसल्या ब्रेकनं उतारावर गाडी थांबणं शक्य नव्हतं.

अप्पा ते हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. रुग्णाला तपासताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता, कुणाला काही कळू न देणारा. दुसऱ्या बाजूचं चाक आम्ही उघडलं तेव्हा तिथंही तेच निघालं.

"मला दाखवा," चाची म्हणाली.

अप्पा उठले. जुनी चंद्रकोर त्यांनी तिच्या हातात दिली आणि पेटीतून नव्या लायनिंगचं वेटोळं काढून तेही दिलं. ती पट्टी बोटाएवढी जाड होती, तिच्यात पितळी तार विणलेली होती. चाचीनं एका हातात जुनं धरलं, दुसऱ्यात नवं. अंगठ्यानं तिनं त्या घासलेल्या रिव्हेटांवरून हळूहळू हात फिरवला.

"हे असं व्हायला किती दिस लागतात?"

"पुष्कळ," अप्पा म्हणाले.

"म्हंजे त्यांना ठावं असनार."

"होय."

"त्यांनी सांगितलं व्हतं तुमाला?"

मागच्या गल्लीतले माग रविवारीही चालू होते. तो खटखटाट आणि पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याचे पाय, एवढंच ऐकू येत होतं. ओसरीवर अव्वा उभी होती, तिच्या हातात तांदळाचं सूप होतं. ती पाखडायची थांबली होती.

"सांगितलं होतं," अप्पा म्हणाले. "बऱ्याचदा सांगितलं. दोन दिवस गाडी उभी करा म्हणाला. मी केली नाही. साथ होती, मला वाटलं दोन दिवस गेले तर माणसं जातील. मी त्याला नाही म्हटलं. बैल आडवे आले नव्हते. ते लोक म्हणाले आणि मी म्हणू दिलं."

चाची रडली नाही. तिनं ते दोन्ही तुकडे मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "मला वाटत व्हतं. त्या दिसांत ते घरी आले की पाय चोळायचे. उजवा पाय. मी इचारलं, काय झालं, तर म्हनले, ब्रेकवर उबं ऱ्हावं लागतंय." मग तिनं ते तुकडे खाली डोणीपाशी ठेवले. "लोक म्हनत व्हते, ड्रायव्हरची नजर चुकली. माझा दीर बी म्हनला. मशिदीत बी कुनी म्हनलं. पाच म्हैने मी आयकून घेतलं."

"ते आता कुणी म्हणणार नाही," अप्पा म्हणाले. "मी स्वतः जाऊन सांगेन. तुझ्या दिराला, मोहल्ल्यात, आणि कोतवालीतही."

"सांगा," ती म्हणाली. त्या शब्दात क्षमा नव्हती, संतापही नव्हता. देण्याघेण्याच्या एखाद्या गोष्टीला होकार द्यावा तसा तो शब्द होता. अप्पांनी तो शब्द पाळला. त्याच आठवड्यात ते सगळीकडं जाऊन आले. कोतवालीतल्या अधिकाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि घरी जायला सांगितलं. त्याबद्दल त्यांना काहीच झालं नाही, आणि मला वाटतं तेच त्यांना सगळ्यात जड गेलं. पण मोहल्ल्यात मात्र बोलणं बदललं.

दुपारी जेवायची वेळ झाली. अव्वानं चाचीसाठी ओसरीवर पाट मांडला. भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार. पितळी तीच होती, कोनाड्यातली. मी अव्वाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं. मग तिनं स्वतःचं ताट आतून बाहेर आणलं आणि चाचीच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून जेवायला बसली. आमच्या घरात ते आधी कधी झालं नव्हतं. अव्वा तेवढीच पुढं जाऊ शकली.  शेवटी अव्वानं विचारलं, "भाकरी आणखी देऊ?" चाची म्हणाली, "अर्धी."

नंतरचं काम माझं होतं. जुने रिव्हेट ठोकून काढले, चंद्रकोरी आणि ड्रम रॉकेलनं धुतले, काचकागदानं घासले. नवं लायनिंग करवतीनं मापात कापलं. ते चंद्रकोरीवर धरून हातड्रिलनं भोकं पाडायची, आणि प्रत्येक भोकाचं तोंड थोडं रुंद करायचं म्हणजे रिव्हेटचं डोकं आत बुडून बसतं. ते वर राहिलं तर पुन्हा ड्रमला घासणार. अप्पा पट्टी ताणून धरत आणि मी मधल्या रिव्हेटपासून सुरुवात करून कडेला ठोकत जाई. माझा हातोडा चुकला की अप्पांच्या बोटांवर बसे. ते काही म्हणत नसत, फक्त बोट बदलत. मध्येच चाची उठून आली आणि पट्टीचं दुसरं टोक तिनं धरलं. बिड्या वळणाऱ्या तिच्या बोटांत फार ताकद होती. तिनं धरल्यावर पट्टीत पोकळी राहीना. तिघं जण त्या एवढ्याशा लोखंडावर वाकून बसलो होतो. बोलणं झालं ते कामापुरतंच. "जरा वर." "बास." "पुढचा दे."

एका दिवसात ते झालं नाही. सोमवारी चाची पुन्हा आली आणि दुपारनंतर दोन्ही चाकं बसली. शेवटी पायाच्या दट्ट्याकडून येणारी सळी आवळायची असते. चाक हातानं फिरवून बघायचं, ते मोकळं फिरलं पाहिजे, पण किंचित घासल्याचा आवाज आला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना तो सारखा हवा. मी चाक फिरवत होते आणि अप्पा डोळे मिटून कान लावून ऐकत होते, स्टेथोस्कोप लावल्यासारखे.

जॅक काढला तेव्हा उन्हं कलली होती. अप्पा म्हणाले, "रस्त्यावर एक चक्कर मारून बघतो. तुम्ही थांबा."

चाचीनं बुरखा नीट केला. "रस्त्यावर नक्को. तिकडं चला. वढ्याकडं."

"तिथं?" अप्पांचा आवाज बदलला. "आधी इथं बघू दे. तिथं उतार आहे."

"म्हनूनच. आनि मी ती जागा बघितली न्हाय अजून. मला कुनी नेलंच न्हाय."

अव्वा ओसरीवरून खाली उतरली. मला वाटलं ती अडवणार. तिनं अप्पांकडं बघितलं आणि मग मला म्हणाली, "शांता, तू मागं बस. घट्ट धरून बस."

अप्पांना गाडी चालवता यायची, इमामभाईंनीच शिकवली होती, पण त्या दिवसानंतर ते स्टेअरिंगला बसले नव्हते. हँडल मी मारलं. गाडी गावाबाहेर पडली ती पायी चालणाऱ्या माणसाला गाठता येईल इतक्या हळू. चाची पुढं, अप्पांच्या डाव्या हाताला बसली होती. जिथं दर वेळी अप्पा बसायचे त्या जागी. दोन्ही बाजूंना ज्वारी काढणीला आली होती. 

उताराच्या माथ्यावर अप्पांनी गाडी उभी केली. खाली फरशी दिसत होती, तिच्यावर कुणी नव्हतं. अप्पांचे दोन्ही हात चाकावर होते. ते चाचीला म्हणाले, "तू उतर. मी एकटा खाली नेतो. शांता, तूही."

"न्हाय," चाची म्हणाली. "चालवा."

अप्पांनी गाडी सोडली. ती उताराला लागली आणि आपसूक वेग घेऊ लागली. खडी चाकांखालून उडू लागली. मला फक्त अप्पांची मान दिसत होती, ताठ झालेली. अर्धा उतार गेला, तरी त्यांनी ब्रेक लावला नव्हता. फरशीवरचं पाणी चमकताना दिसू लागलं. मी डोळे मिटले. तेवढ्यात मागून, माझ्या अगदी खालून, एक जाड घरघर ऐकू आली. गाडीला कुणी तरी मागून धरावं तशी ती दबली, मागची चाकं खडीत रुतली, आणि ती थांबली. धूळ आमच्या पुढं निघून गेली. पाणी अजून चांगलं दहाबारा हात लांब होतं.

इंजिन बंद पडलं होतं. अप्पांचा पाय ब्रेकवरून निघेना. चाचीनं दार उघडलं आणि ती खाली उतरली. बाभळ रस्त्याच्या डाव्या अंगाला होती. खोडाची साल एका जागी निघाली होती आणि आतलं लाकूड वाळून तपकिरी झालं होतं. चाची तिथं गेली. तिनं खोडाला हात लावला, मग हात पुढं पसरून ओठ हलवत उभी राहिली. आम्ही गाडीपाशीच थांबलो. सूर्य ज्वारीच्या रानात उतरत होता, लांब कुठं तरी मेंढरांच्या घंटा वाजत होत्या.

परत येऊन ती अप्पांसमोर उभी राहिली.

"त्या बैलगाडीत कोन व्हतं?"

"कुंभारीच्या दोघी जावा. आणि त्यांची मुलं."

"समदी बरी हायती?"

"बरी आहेत. इमामनं चाक फिरवलं नसतं तर नसती."

तिनं मान डोलावली. फरशीकडं, उताराकडं आणि पुन्हा बाभळीकडं बघितलं, अंतर मापावं तसं. माझं आयुष्य पुढं पुष्कळ गेलं. मी लग्न केलं, मुलं वाढवली, सोलापूर सोडलं, परत आले. अप्पा जोवर खेड्यांत जात होते तोवर पावसाळ्याआधी आमची गाडी दोन दिवस शेडमध्ये उभी राहत असे आणि त्या दोन दिवसांत आलेल्या माणसांना अप्पा स्वतः दारात जाऊन सांगत की आज मी येऊ शकत नाही. कुणी शिव्या दिल्या, कुणी पाया पडलं. एकदा अव्वानं विचारलं होतं, "या दोन दिवसांत कुणी गेलं तर?" आणि अप्पा म्हणाले होते, "त्याचं उत्तर माझ्याकडं नाही." पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी ओढ्याच्या काठी मी सोळासतरा वर्षांची मुलगी होते, माझ्या तळहातांना फोड आले होते, आणि माझ्या बापासमोर एक बाई उभी होती जिचं त्यानं काय केलं होतं ते आता दोघांनाही पूर्ण माहीत होतं.

"साहेब," ती म्हणाली, "उद्यापास्नं खेड्यांवर जावा. लोक वाट बघत्यात."

अप्पांनी मान खाली घालून हात जोडले.

"नवा ड्रायव्हर ठेवाल," ती पुढं म्हणाली, "तर तो सांगल ते आयकत जावा."

"ऐकेन," अप्पा म्हणाले.

ती गाडीत जाऊन बसली, या वेळी मागं, माझ्या जागेशेजारी. मी पुढं जाऊन हँडल मारलं.